मेजरांचा बिनतारी रणगाडा

दूध नासलं तरी मेजर आधी विचारायचे, "हात कुणाचा लागला?"

रेडिओ खरखरला, घड्याळ मागं पडलं, दाराची कडी अडकली, उंबऱ्याला ठेच लागली, सगळ्याला हाच एक प्रश्न. आपणहून बिघडणारी वस्तू देवानं या जगात निर्माणच केलेली नाही, असा त्यांचा ठाम विश्वास होता. घरात माणसं तीनच. ते स्वतः, काकू आणि पुढच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहणारा मी. त्यामुळे तपास फार लांबत नसे. काकू चुलीपुढून मानही न वळवता म्हणायच्या, "तुमचाच." आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

मेजर हे अर्थात मेजर नव्हते. फौजेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कोठारात घोंगड्या, बूट आणि तंबू मोजण्यात घालवली आणि नाईक म्हणून ते परत आले. पण उमरग्यापासून जवळच, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला चिकटून असलेल्या आमच्या गावाला नाईक हा हुद्दा फारच किरकोळ वाटला असावा. गावानं त्यांना एका बैठकीत मेजर करून टाकलं. त्यांनीही नम्रपणे ते मान्य केलं. नम्रपणे म्हणजे, नुसतं 'काका' म्हणून कुणी हाक मारली तर ते वळून बघत नसत.

मी त्या गावात उपसा सिंचन सहकारी संस्थेचा सेक्रेटरी म्हणून आलो होतो. संस्थेकडं एक खोली होती, टेबल होतं, चेअरमनसाहेबांची गोल फिरणारी खुर्ची होती, थाटात झालेल्या उद्घाटनाचा फोटो होता. पाणी तेवढं नव्हतं. या योजनेचा पाट रस्त्यापलीकडं न्यायचा म्हणून रस्त्याच्या भरावाखालून एक सिमेंटचा नळ टाकून ठेवला होता. पाट काही त्या नळापर्यंत पोहोचला नाही. नळात वर्षानुवर्षं माती मात्र नियमितपणे येत राहिली, आणि संस्थेचं तेवढं एकच काम अखंड चालू होतं.

पहिल्या दिवशी सामान टाकून मी ओसरीवर बसलो, तोच माझ्या पायाला काहीतरी येऊन धडकलं. पाहिलं तर हातभर लांबीचा एक रणगाडा. त्याची तोफ माझ्या गुडघ्यावर रोखलेली. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मेजर छातीशी एक डबा धरून उभे होते. डब्यातून त्यांच्या उंचीची चकचकीत एरियल निघाली होती.

"घाबरू नका, सेक्रेटरी," ते म्हणाले. "मधी तार न्हाय. समदं हवेतनं चालतंय."

मी तारेला घाबरलो नव्हतो. पण मेजरांच्या लेखी तार ही जगातली सर्वांत हलकी गोष्ट होती. तारेवर चालणारं ते बैल, बिनतारी चालेल ते यंत्र. घरात विजेचे दिवेसुद्धा केवळ नाइलाज म्हणून तारेवर लावलेले होते. हा रणगाडा त्यांच्या कुठल्याशा साहेबानं जपानहून मुलासाठी आणला होता. मुलानं तो एका दिवसात मोडला. साहेब बदलीवर निघाले तेव्हा मोडका रणगाडा कोठारातल्या नाईकाच्या पदरात पडला. कोठाराच्या मागं वायरलेस दुरुस्त करणाऱ्यांची खोली होती. तिथं चहा पोचवता पोचवता मेजर वायरींना कथलाचा डाग द्यायला शिकले आणि त्यांनी तो चालू केला. ही हकिगत ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला एखादी लढाई जिंकल्यासारखं वाटावं. त्यांच्या फौजी आयुष्यातली ती एकमेव लढाई होती, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

चालू केल्यावर त्यांनी तो सुखानं चालू दिला असता तर ते मेजर कसले? त्यांनी सुधारणा हाती घेतल्या. मूळ रणगाडा फक्त पुढं जायचा आणि वळायचा. यांनी जुन्या घंटीचा भाग बसवून त्याला मागं जायला शिकवलं. बॅटरीतले बल्ब काढून त्याला दिवे लावले. पट्टे तुटले तेव्हा सायकलच्या ट्यूबचे कापून घातले, एरियल म्हणून सायकलचाच स्पोक उभा केला. मी पाहिला तेव्हा मूळ मालापैकी वरचं प्लास्टिक, तोफ, दोन मोटारी आणि पोटातली सिग्नल पकडणारी पट्टी एवढंच उरलं होतं. त्या पट्टीला मात्र ते हात लावत नसत. "ह्ये त्याचं काळीज हाय," म्हणायचे. प्रत्येक सुधारणेनंतर दोन-चार स्क्रू आणि एखादी स्प्रिंग उरायची. ती ते खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "बघा, येवढं नसतानाबी चालतंय. म्हंजे जपान्यानं उगंच घातलं व्हतं."

सेल हा खर्चिक प्रकार. त्यामुळे संपलेले सेल घरावरच्या मातीच्या माळवदावर उन्हात ठेवून त्यांच्यातली उरलीसुरली धुगधुगी वापरायची, ही मेजरांची पद्धत. त्याच माळवदावर काकूंचे सांडगे वाळत असत. दोन्ही खात्यांचं सूप एकच. एकदा चेअरमनसाहेब जेवायला आले असताना सांडग्यांच्या भाजीत त्यांच्या दाताखाली सेलाची पितळी टोपी आली. मेजर ताडकन म्हणाले, "हात कुणाचा लागला?" चेअरमनांना ते जेवणाविषयी वाटलं आणि ते बिचारे आपला हात बघत बसले.

रणगाड्याला एक जुनाट दुखणं होतं. चांगला सरळ चालता चालता तो एकाएकी गिरकी घेई आणि बहुधा काकूंच्या चुलीवर चालून जाई. मेजरांनी निदान केलं की शेजारची पिठाची गिरणी सिग्नलमध्ये ढवळाढवळ करते. "ह्याला जॅमिंग म्हणत्यात. दुश्मन करतो." त्यांनी गिरणीवाल्याला जाऊन रीतसर ताकीद दिली. गिरणीवाल्याला दळणापलीकडं काही ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलं, "मेजर, ज्वारी आणलीया का?" पुढं कितीतरी दिवस दोघांत बोलणं बंद होतं. मग एकदा गावाची लाइट गेली, गिरणी बंद पडली, आणि भर शांततेत रणगाड्यानं गिरकी घेऊन चुलीवर हल्ला केला. मेजर तिथंच मांडी घालून बसले. मोटारी उघडल्या. रणगाड्याच्या स्वतःच्याच मोटारीत ठिणग्या उडत होत्या आणि त्याच त्याला भरकटवत होत्या. जुन्या रेडिओतले दोन कपॅसिटर मोटारीच्या तोंडाशी टाकल्यावर गिरकी थांबली.

"दुश्मन घरातच निघाला की," मी म्हणालो.

"म्या आधीच म्हणलं व्हतं, हात लागलाय म्हणून."

"तुमचाच," चुलीपुढून आवाज आला. गिरणीवाल्याशी समेट करायला मात्र मेजर गेले नाहीत. पीठ आणायला मलाच जावं लागे.

काकू सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या. मराठीत त्या फार कमी बोलत आणि संतापल्या की कानडीत फार जास्त. त्यांचं आणि रणगाड्याचं वर्षातून एकदाच जमायचं, खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली हत्यारं पूजायची असतात. विळा, कुऱ्हाड, पहार, विळी यांच्या रांगेत काकू रणगाडाही मांडत. मेजर ओरडत, "अगं, ते नाजूक हाय!" काकूंचं म्हणणं, तोफ असलेली वस्तू हत्यार नाही तर काय तवा आहे? मग त्या त्याला हळद-कुंकू लावत, झेंडू वाहत, नारळ फोडत आणि नारळाचं पाणी सगळ्या हत्यारांवर सारखं शिंपडत. दुसऱ्या दिवशी रणगाडा मुका. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की मेजर तो उघडून बसायचे. दातेरी चाकांत कुंकू, पट्टीवर नारळाचा चिकटा. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत, पुटपुटत दिवाळीपर्यंत काम चालायचं.

"औंदा परत हात लावलास तर बघ," ते म्हणत.

"साकु," काकू म्हणायच्या. पुरे या अर्थाचा तो एकच शब्द त्यांना पुरेसा होता.

मग ते वर्ष आलं. पावसानं आमच्याकडं फिरकायचंच टाळलं. बहात्तर सालचा दुष्काळ पाहिलेली म्हातारी माणसं पारावर बसून "ह्यो कसला दुष्काळ, दुष्काळ आमी बघितला" म्हणत आमचा अपमान करत होती. पण गावातल्या विहिरी त्यांचं ऐकून भरत नव्हत्या. टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. पाणी उरलं होतं ते रस्त्यापलीकडं, दूरच्या शिवारातल्या एका विहिरीत. बायका डोक्यावर घागरी घेऊन तिथवर जात. काकूंचे गुडघे त्याआधीच गेले होते, तरी त्या जात. परत आल्या की घागर उतरवून भिंतीला धरून थोडा वेळ उभ्या राहत. अशा वेळी मेजर मान खाली घालून कसला तरी स्क्रू शोधत बसायचे.

संस्थेनं एरवी न घडणारी गोष्ट केली, म्हणजे काम. त्या विहिरीवर मोटार बसवली आणि काळ्या प्लास्टिकच्या पाइपची भेंडोळी आणली. पाइप रस्त्यापर्यंत आला आणि थांबला. रस्त्यावरून टाकावा तर ट्रक त्याचा चुरा करणार. रस्ता फोडावा तर परवानगी वरून यायची, आणि ती पावसाळा झाल्यावर येईल असा माझा अंदाज होता. कुणाला तरी भरावाखालचा तो सिमेंटचा नळ आठवला. त्यातून पाइप ओढून घेता आला असता. पण माती भरून भरून वर वीतभर फट तेवढी राहिली होती, आणि मधोमध नळ जरा वाकलेला होता. बांबूचे कळक घातले, ते वाकणाशी अडले. नळातून एक सुतळी जरी पलीकडं गेली, तरी सुतळीला दोर, दोराला पाइप बांधून ओढता येणार होतं. एकानं मांजराच्या कमरेला सुतळी बांधून आत सोडलं. मांजर आत गेलं, आतच वळलं आणि आमच्या सगळ्यांकडं तुच्छतेनं बघत त्याच तोंडातून बाहेर आलं.

"माझा रणगाडा जाईल," मेजर म्हणाले.

लोक हसले. मीही हसलो. पण मांजरानंतर आमच्याकडं दुसरं कुणी शिल्लक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव रस्त्याच्या कडेला जमलं. मेजरांनी फौजेतला कोट घातला होता. रणगाड्याचा उभा स्पोक वाकवून घेतला होता, मागं सुतळी बांधली होती. आता सोडायचा, एवढ्यात चेअरमनसाहेब आले. संस्थेचं कुठलंही काम नारळाशिवाय सुरू करायचं नाही, हा त्यांचा नियम. सुरू झालेली बरीच कामं नारळाच्या पुढं गेली नव्हती, हा भाग वेगळा. मेजर "साहेब, पाणी नगं, पाणी नगं" म्हणेपर्यंत नारळ फुटला होता आणि त्याचं पाणी रणगाड्यावर भक्तिभावानं शिंपडलं गेलं होतं. मेजरांनी कळ सरकवली. रणगाडा जागच्या जागी थरथरला, गर्रकन फिरला आणि थेट चेअरमनसाहेबांच्या धोतरात घुसला.

"हात कुणाचा लागला?" मेजर गरजले. या वेळी उत्तर सगळ्या गावानं पाहिलं होतं, आणि कुणीही दिलं नाही.

दवाखान्यातून स्पिरिट आणून पट्टी पुसली, उन्हात वाळवली. दुपारी रणगाडा पुन्हा नळाच्या तोंडाशी. पलीकडच्या तोंडाशी मी पालथा पडून आत बघत होतो. मोटारीची घरघर ऐकू आली आणि लगेच बंद पडली. सुतळीनं मागं ओढून घेतला, बाहेर आल्याबरोबर तो टुणटुणीत चालायला लागला. पुन्हा आत सोडला, पुन्हा तिथंच बंद. मी रस्ता ओलांडून अलीकडं आलो. मेजर मातीत झोपून एरियल नळाच्या तोंडात खुपसत होते. रेडिओला भिंत कळत नाही, असं ते मला कितीदा तरी सांगत आले होते. रेडिओला भिंत कळत नसेल, पण जमिनीखालचा अरुंद नळ चांगलाच कळत होता. सिग्नल आत जात नव्हता. कपॅसिटर बदलून, एरियल वाढवून, कशानंही जाणार नव्हता.

लोक पांगायला लागले. कुणीतरी पुन्हा मांजराचा विषय काढला. मेजर उठून बसले, कोटाची माती झटकली नाही. तेवढ्यात काकू रस्ता ओलांडून आल्या, पलीकडच्या विहिरीवरून. त्यांनी घागर मेजरांच्या शेजारी उतरवली आणि भरावाला हात टेकून उभ्या राहिल्या. मेजर घागरीकडं बघत राहिले.

"सेक्रेटरी," शेवटी ते म्हणाले, "मारुतीच्या देवळावरल्या कर्ण्याची वायर काढून आणा. समदी."

"वायर?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तारेवर चालवायचा. दोन मोटारीला दोन वायरी. सुतळीबी नगं, वायरच पल्याड जाईल." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "पट्टी काढाय लागंल. मोटारीच्या वायरी तिच्यावरच डाग दिल्यात, आन आत दुसरं काय मावत न्हाय."

"परत बसवता येईल ना?"

"आत्ता लाइट न्हाय, कवा यील त्याचा भरवसा न्हाय. लोखंड निखाऱ्यावर तापवून डाग सोडवायचा म्हंजे पट्टीवरलं तांबं समदं उचलून येणार." मग म्हणाले, "दात उपटल्यावर परत बसवत्यात व्हय, सेक्रेटरी?"

काकूंनी तीन दगडांवर निखारे केले. मेजरांनी डाग द्यायचं लोखंड लाल केलं आणि पट्टी सोडवली. धूर निघाला, राळेचा वास आला आणि तांब्याच्या बारीक रेषा सोलल्यासारख्या वर आल्या. मी इतके दिवस या माणसाची मजा बघत आलो होतो. त्या वेळी मला बघवेना. त्यांनी पट्टी काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती पदराच्या टोकाला बांधली.

एका मोटरसायकलची बॅटरी काढून आणली. कर्ण्याची वायर जोडली. मेजरांनी वायरीची टोकं हातात धरली आणि नळाच्या तोंडाला कान लावला. एक टोक टेकवलं की डावा पट्टा, दुसरं टेकवलं की उजवा. मी पलीकडं जाऊन पालथा पडलो. आत मिट्ट अंधार. घरघर आली, थांबली, पुन्हा आली. वाकणाशी ती बराच वेळ एकाच जागी धडपडत राहिली. डावा, उजवा, डावा. वरून एक ट्रक गेला आणि माझ्या डोक्यावर माती पडली. डोळे चोळून पाहिलं तर दूर आत एक पिवळा ठिपका. बॅटरीतला बल्ब काढून त्यांनी लावलेला तो दिवा, ज्याची मी सगळ्यांत जास्त टिंगल केली होती. हलत डुलत तो माझ्याकडं येत होता.

रस्त्यापलीकडून मेजरांची हाक आली, "आला का?"

रणगाड्यानं येऊन मला कपाळावर टक्कर दिली, तेव्हा कुठं मी ओरडलो.

वायरीमागून दोर गेला, दोरामागून पाइप, आणि दिवेलागणीला लाइट आल्याबरोबर गावाच्या हौदात पाणी पडलं. चेअरमनसाहेबांनी सहकाराची ताकद या विषयावर भाषण केलं. उमरग्याहून फोटोवाला बोलावला. फोटोत चेअरमनसाहेब रणगाडा छातीशी धरून उभे आहेत, हसत, जणू बाळंतपण त्यांचंच झालंय. मेजरांच्या कोटाची एक बाही तेवढी कडेला दिसते. तो फोटो संस्थेत उद्घाटनाच्या फोटोशेजारी लागला. हौदाजवळ पाटी लागली, तिच्यावर संचालक मंडळाची सगळी नावं आली. मेजरांना त्याचं काही वाटलं नाही. हौदावरून घागर भरून काकू घरी येत, तेव्हा मात्र ते ओसरीवरून उठून बघत उभे राहत.

नंतर त्यांनी पट्टी जोडायचा प्रयत्न करून पाहिला. तांब्याच्या जागी केसासारख्या तारा लावून पाहिल्या. ती परत बोलली नाही. बिनतारी डबा खुंटीला टांगला गेला. रणगाडा कोनाड्यात.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला काकूंनी हत्यारं मांडली आणि सवयीनं कोनाड्यातून रणगाडाही आणला. नारळ फोडला आणि हात थांबवून त्या मेजरांकडं बघत राहिल्या. मेजर ओरडले नाहीत.

"टाक," ते म्हणाले. "आता काय बिघडायचंय त्यात?"

काकूंनी पाणी टाकलं.

पुढं माझी बदली झाली. मेजर गेल्याचं कळलं तेव्हा मी लांब होतो आणि जाऊ शकलो नाही. गेलो तो नेमका पुढच्या खंडेनवमीला. ओसरी तशीच होती. काकू आणखी वाकल्या होत्या. मला बघून "बसा, सेक्रेटरी" एवढंच म्हणाल्या आणि पूजा पुढं चालू केली. विळा, कुऱ्हाड, पहार, विळी आणि रांगेच्या शेवटी रणगाडा. सगळ्यांना हळद-कुंकू झालं, झेंडू झाला, नारळ फुटला. काकू रांगेवरून पाणी शिंपडत आल्या. रणगाड्यापाशी आल्यावर त्यांनी डावा तळहात त्याच्यावर आडवा धरला आणि थेंबही पडू दिला नाही.

"त्याला पाणी चालत न्हाय," त्या मला म्हणाल्या.